गुणतक्त्याबाहेरची शर्यत

सिसिलीतल्या सिरॅक्यूज शहरातून पश्चिमेला, फ्लोरिदिया गावाच्या रस्त्याला लागलं की शहर फार पटकन मागे पडतं. लिंबाच्या बागा सुरू होतात, ऑलिव्हची जुनी झाडं दिसतात, मध्येच फड्या निवडुंगाचं बेट येतं. बागांच्या हद्दी सांगायला दगडी भिंती आहेत. चुनखडीचा पांढरट दगड, एकावर एक रचलेला. कुणा शेतकऱ्याच्या आजोबा-पणजोबांनी जमिनीतून दगड वेचून काढले, आणि तेच बांधावर रचले, एवढा त्यांचा साधा इतिहास आहे.

याच भागातल्या रस्त्यांवर १९५० पासून १९६७ पर्यंत ग्रां प्री शर्यती झाल्या. साडेपाच किलोमीटरची एक फेरी, जवळजवळ त्रिकोणी, बहुतेक ठिकाणी वेगवान. शर्यतीच्या दिवसांत रस्ते बंद व्हायचे, गवताचे भारे काही ठिकाणी रचले जायचे, आणि बाकी सगळीकडे या भिंतीच रस्त्याचा काठ असायच्या. आजच्या सर्किटवर चूक झाली तर मोटार वाळूत रुतते, मोकळ्या पट्ट्यावर गरगर फिरून थांबते. इथे रस्ता संपला की दगड. ड्रायव्हरला सीटबेल्ट नव्हता. बांधलेल्या माणसापेक्षा बाहेर फेकला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता जास्त, असं त्या काळी गंभीरपणे मानलं जायचं.

मी इथे भाड्याची स्कूटर घेऊन आले होते. चाळीसच्या वेगाने जातानाही भिंतीमुळे पुढचं वळण दिसत नाही, हे पहिल्याच कोपऱ्यावर कळतं. वळण किती तीव्र आहे याचा अंदाज भिंतीच्या वरच्या कडेवरून, पलीकडच्या झाडाच्या शेंड्यावरून, विजेच्या खांबावरून घ्यावा लागतो. म्हणजे हा रस्ता वेगात चालवायचा तर तो आधी पाठ असायला हवा.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'न मोजलेलं' असा कळवला, तेव्हा माझ्या डोक्यात सगळ्यात आधी आली ती ऑक्टोबर १९५५ मध्ये इथे झालेली शर्यत. ती जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेत नव्हती. तिला एकही गुण नव्हता. फॉर्म्युला वनच्या विजयांची अधिकृत यादी काढली तर त्यात ती सापडत नाही. तरीही ब्रिटिश मोटारशर्यतीचं नशीब ज्या दिवशी फिरलं तो दिवस कोणता, असं विचारलं तर मी याच दुपारकडे बोट दाखवीन. आणि ती गुणांविना होती म्हणूनच तिथे असं काही घडू शकलं, असं माझं ठाम मत आहे.

आमंत्रण कोण देतं, पैसे कोण मोजतं

ड्रायव्हरांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली सुरू झाली. पहिल्या पाच जणांना आठ, सहा, चार, तीन, दोन असे गुण, आणि सर्वांत वेगवान फेरी करणाऱ्याला एक. १९५५ च्या मालिकेत अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यत धरूनही फक्त सात शर्यती झाल्या. त्या वर्षी जूनमध्ये ल मान्स इथे एक मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसं गेली होती. त्या धक्क्याने फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि स्पेनच्या ग्रां प्री रद्द झाल्या. सप्टेंबरात माँत्साला मालिका संपली आणि फांगिओ पुन्हा एकदा अजिंक्य ठरला.

पण सात शर्यतींवर कुणाचंच वर्ष भागत नव्हतं. संघाचं नाही, ड्रायव्हरचं नाही, मेकॅनिकचं तर नाहीच. मालिकेबाहेर पो, बोर्दो, तूरिन, नेपल्स, गुडवुड, सिल्व्हरस्टोन अशा गावोगावच्या शर्यती होत्या. मोटारी त्याच, माणसं बहुतेक तीच, आणि अनेक ठिकाणी नावही ग्रां प्रीच. दोनदा अजिंक्यपद मिळवलेल्या अल्बेर्तो अस्कारीने मे १९५५ मध्ये आयुष्यातली शेवटची शर्यत जिंकली ती नेपल्सची, मालिकेबाहेरची. त्याच महिन्यात तो माँत्साला सराव करताना गेला.

हे सगळं कसं चालायचं ते समजून घ्यायला आपल्याकडचा जत्रेतला कुस्त्यांचा फड डोळ्यासमोर आणावा. किताबाची स्पर्धा वेगळी आणि गावच्या यात्रेचं मैदान वेगळं. यात्रेत गावची पंचकमिटी वर्गणी जमवते, कोल्हापूरच्या नावाजलेल्या मल्लाला बोलावणं धाडते, त्याच्या येण्याचा आकडा आधी ठरवते, आणि त्याच मातीत एखाद्या अनोळखी पोरालाही उतरायची संधी देते. युरोपातल्या शर्यतींचं तंत्र असंच होतं. स्थानिक मोटार क्लब प्रत्येक संघाशी स्वतंत्र बोलणी करायचा. बक्षिसाची रक्कम वेगळी. पण खरा व्यवहार असायचा तो नुसतं येऊन सुरुवातीच्या रेषेवर उभं राहण्याच्या पैशांचा. मोटार पहिल्या फेरीत बंद पडली तरी ते पैसे मिळायचे. लाल फेरारी आणि लाल मासेराती हव्यातच, नाहीतर तिकिटं कोण घेणार? पण सगळ्याच मोटारी लाल असल्या तर तिला आंतरराष्ट्रीय शर्यत कोण म्हणणार? त्या काळी मोटारीचा रंग देशावरून ठरायचा. इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, जर्मनीचा चंदेरी, ब्रिटनचा गडद हिरवा. सिरॅक्यूजच्या आयोजकांना दोन-चार परक्या रंगांची गरज होती, आणि त्यासाठी ते चांगले पैसे मोजायला तयार होते.

दक्षिण इटलीतल्या एका गरीब बेटावरचं हे शहर मोटारींच्या अशा खर्चिक खेळासाठी पदरमोड का करत होतं, हा प्रश्न इथल्या ग्रीक रंगमंडळाच्या दगडी पायऱ्यांवर बसलं की तितकासा अवघड वाटत नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिरॅक्यूजचा सत्ताधीश हिएरॉन ऑलिम्पियाला आपला घोडा पाठवायचा. फेरेनिकॉस नावाच्या त्या घोड्याने इ. स. पू. ४७६ मध्ये शर्यत जिंकली आणि त्यावर पिंडरने स्तोत्र रचलं. घोड्यावर बसलेल्याचं नाव त्यात नाही. मान मालकाचा आणि त्याच्या नगराचा. आर्किमिडीज या शहरातला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण दूरच्या मैदानात आपल्या गावाचं नाव गाजावं ही हौस आर्किमिडीजच्याही आधीची आहे. विसाव्या शतकात शहराने उलटा मार्ग धरला. घोडे बाहेर पाठवण्याऐवजी जगालाच आपल्या रस्त्यांवर बोलावलं.

सेंडचं गॅरेज

ज्या हिरव्या मोटारींना बोलावणं गेलं त्या कनॉट नावाच्या होत्या. इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या सेंड या खेड्यात, लंडन-पोर्ट्समथ रस्त्यावर, त्यांची कार्यशाळा होती. रॉडनी क्लार्क आणि माइक ऑलिव्हर हे दोघे युद्धात वैमानिक होते. क्लार्क आराखडे करायचा, ऑलिव्हर इंजिनं घडवायचा, आणि पैसे प्रामुख्याने केनेथ मॅकअल्पाइनचे. बांधकाम व्यवसायातल्या बड्या घराण्यातला हा माणूस स्वतःही शर्यती चालवायचा. मासेरातीच्या मागे कारखाना होता. इथे मूठभर माणसं, एकेक भाग हाताने बसवणारी, आणि तो मोडला तर रात्रभर जागून पुन्हा करणारी.

१९५५ मध्ये ब्रिटिशांकडे ड्रायव्हर चांगले होते, मोटारी नव्हत्या. माइक हॉथॉर्नने १९५३ मध्ये फ्रान्सची ग्रां प्री जिंकली ती फेरारीत बसून. स्टर्लिंग मॉसने १९५५ च्या जुलैमध्ये लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीला ब्रिटिश ग्रां प्री जिंकली ती मर्सिडीजमधून. ज्याला जिंकायचं त्याने दुसऱ्या देशाचा रंग घ्यायचा, असा तो काळ. ब्रिटिश ड्रायव्हरने ब्रिटिश मोटारीत बसून परदेशातली ग्रां प्री शेवटची जिंकली होती ती १९२४ साली, हेन्री सीग्रेव्हने, सनबीममधून, स्पेनच्या सान सेबास्तियानला. मध्ये एकतीस वर्षं कोरडी गेली होती.

कनॉटच्या बी-टाइप मोटारीत अडीच लिटरचं चार सिलिंडरांचं इंजिन होतं. ते मुळात जेफ्री टेलरच्या आल्टा कंपनीचं. सेंडला त्यावर बरंच काम झालं. मासेराती २५०एफला सहा सिलिंडर. सरळ रस्त्यावर इंजिनाच्या ताकदीने मासेरातीला मागे टाकावं अशी स्थिती नव्हती. मग हिरव्या मोटारीकडे होतं काय? माझ्या मते दोन गोष्टी, आणि दोन्ही नीट समजून घेण्यासारख्या.

पहिली गोष्ट ब्रेक. तोवर बहुतेक मोटारींना ड्रम ब्रेक असत. चाकासोबत फिरणारं एक बंद भांडं, आणि त्याच्या आतल्या बाजूला दाबले जाणारे लायनर. बंद जागेत उष्णता साठते. तापलेलं भांडं प्रसरण पावतं, लायनरपासून दूर सरकतं. लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. मग ड्रायव्हरला पेडल अधिकाधिक खोल दाबावं लागतं, आणि शर्यतीच्या उत्तरार्धात ब्रेक मंदावतात. डिस्क ब्रेकमध्ये फिरणारी तबकडी उघडी असते. दोन बाजूंनी पॅड तिला चिमटीत पकडतात, आणि वारा ती थंड करत राहतो. हे तंत्र विमानांच्या चाकांकडून मोटारींकडे आलं. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून जॅग्वारने १९५३ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. कनॉटने तेच ब्रेक चारही चाकांना बसवले. दोन विमानवाल्यांनी उभ्या केलेल्या कार्यशाळेत हा निर्णय झाला, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्स. कनॉटला साधा गिअरबॉक्स नव्हता, आधी निवड करून ठेवायचा प्रकार होता. ड्रायव्हरने एका छोट्या दांड्याने पुढचा गिअर आधीच निवडून ठेवायचा; त्याने लगेच काहीच घडत नाही. मग योग्य क्षणी डाव्या पायाचं पेडल दाबलं की तो गिअर पडतो. हे यंत्र जड असतं, थोडी ताकदही खातं. पण वळणावर शिरताना, जेव्हा ब्रेकही दाबायचा आहे आणि मोटारही सांभाळायची आहे, तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात. दगडी भिंतींच्या मधून धावताना ही काही लहान सवलत नाही.

म्हणजे कनॉटची खरी कमाई वेग मारण्यात नव्हती, तो उशिरापर्यंत टिकवून धरण्यात होती. मासेरातीवाला ज्या ठिकाणी ब्रेक दाबायचा त्याच्या काही मीटर पुढे जाऊन कनॉटवाला दाबू शकत होता. आणि शर्यत जसजशी लांबत जाईल तसतसं हे अंतर वाढणार होतं. हे कागदावर खरं होतं. ते रस्त्यावर खरं करून दाखवणारा माणूस मात्र अजून मिळालेला नव्हता.

विमानातला अभ्यास

नामवंत ड्रायव्हर आपापल्या करारांत अडकलेले. वर्षाचा शेवट, दूरचं बेट, गुण नाहीत. कनॉटने एका मोटारीसाठी लेस लेस्टनला घेतलं, आणि दुसरीसाठी फोन गेला तेवीस वर्षांच्या टोनी ब्रूक्सला.

ब्रूक्स मँचेस्टर विद्यापीठात दंतवैद्यकाचा अभ्यास करत होता. वडीलही दातांचे डॉक्टर. घरच्यांच्या मोटारीतून हौशी शर्यतींत उतरलेला हा शांत मुलगा हळूहळू जाणकारांच्या नजरेत भरला होता. त्या वर्षी दुसऱ्या एकाच्या मालकीची जुनी, लहान इंजिनाची कनॉट त्याने फार सुरेख चालवली होती. पण फॉर्म्युला वनची मोटार त्याने कधी चालवली नव्हती. परदेशात एकल आसनाच्या मोटारीची ग्रां प्री तर नाहीच. त्याची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. सिसिलीला जाणाऱ्या विमानात त्याने पाठ्यपुस्तकं उघडून अभ्यास केला, ही गोष्ट पुढे इतकी सांगितली गेली की ती दंतकथेसारखी वाटते. पण ती खरी आहे.

मोटारी मात्र विमानाने येणार नव्हत्या. त्या मोठ्या गाड्यांत चढवून मेकॅनिक त्यांना इंग्लंडपासून फ्रान्स आणि अख्खी इटली ओलांडून खाली आणत होते. मेसिनाच्या सामुद्रधुनीवर तेव्हा पूल नव्हता, आजही नाही. गाड्यांसकट बोटीत चढायचं आणि पलीकडे उतरून किनाऱ्याने सिरॅक्यूजपर्यंत यायचं. त्या आल्या त्या उशिरा. मासेराती सरावाला लागल्या होत्या, आणि कनॉटच्या दोन्ही ड्रायव्हरांकडे चालवायला काहीच नव्हतं.

त्यांनी भाड्याने व्हेस्पा घेतल्या आणि सर्किटवर फेऱ्या मारू लागले.

हा तपशील वाचला होता तेव्हा मला तो गमतीचा वाटला होता. फ्लोरिदियाच्या रस्त्यावर स्वतः स्कूटरवर बसल्यावर तो गमतीचा राहिला नाही. स्कूटरचा वेग ही इथे उणीव नसते. मोटारीच्या खोल बैठकीत बसलेल्या ड्रायव्हरला भिंतीपलीकडचं दिसत नाही. स्कूटरवर माणूस उंच असतो, थांबू शकतो, वळून पुन्हा मागे जाऊ शकतो. डांबर कुठे खचलं आहे, उतार कुठे बाहेरच्या बाजूला आहे, वळणाच्या तोंडाशी कोणतं झाड आहे, ब्रेक लावायची खूण म्हणून कोणता खांब धरायचा, हे सगळं टिपून घेता येतं. उद्या परीक्षा असलेला विद्यार्थी जसा धडा बसून पाठ करतो, तसाच ब्रूक्सने हा रस्ता आधी वाचून घेतला असणार, असं मला वाटतं. पुढच्या आयुष्यातही त्याच्या चालवण्यात धसमुसळेपणा नव्हता. मोटारीवर जबरदस्ती न करता ती वेगात नेणारा ड्रायव्हर, असं त्याच्याबद्दल सगळे म्हणत आले.

अखेर मोटारी आल्या. संघाने त्याला मोजक्याच फेऱ्या मारू दिल्या. इंजिन शर्यतीसाठी राखायचं होतं, आणि मोटार सुरुवातीच्या रेषेवर धड उभी राहिली तरच पैसे. त्या मोजक्या फेऱ्यांत ब्रूक्सने तिसरी वेळ नोंदवली. पहिल्या रांगेत मुस्सो, विल्लोरेसी, आणि त्यांच्या शेजारी हा विद्यार्थी.

सत्तर फेऱ्या

लुइजी मुस्सो एकतीस वर्षांचा, रोमचा, त्या वेळी इटलीची सर्वांत मोठी आशा. लुइजी विल्लोरेसी सेहेचाळीस वर्षांचा, युद्धाच्या आधीपासून शर्यती चालवणारा. १९५१ साली त्याने हीच शर्यत जिंकली होती. दोघेही मासेरातीच्या कारखान्याच्या संघातले. सिरॅक्यूजला तोवर चारदा फेरारी आणि एकदा मासेराती जिंकलेली. लाल सोडून दुसरा रंग इथे पहिला आलेला नव्हता.

सत्तर फेऱ्या, ३८५ किलोमीटर. त्या काळच्या ग्रां प्रीचं इंधन अल्कोहोलमिश्रित असायचं आणि इंजिनात बऱ्याचदा एरंडेलाचं तेल. त्या धुराचा वास ज्याने घेतला तो विसरत नाही, असं जुनी माणसं लिहून गेली आहेत. सुरुवातीला इटालियन मोटारी पुढे निघाल्या. ब्रूक्स घाईला आला नाही. मग त्याने विल्लोरेसीला मागे टाकलं आणि मुस्सोच्या मागे लागला.

तिथून पुढे काही फेऱ्या हिरवी आणि लाल मोटार एकमेकींना ओलांडत राहिल्या. सरळ रस्त्यावर मासेराती पुढे निघे. वळणाच्या तोंडाशी कनॉट पुन्हा शेजारी येई. मुस्सोला ब्रेक लावावा लागायचा तेव्हा ब्रूक्सचा पाय अजून ॲक्सिलरेटरवर असायचा. पंधराव्या फेरीच्या आसपास ब्रूक्स पुढे गेला आणि पुढेच राहिला. मुस्सोने पाठलाग सोडला नाही. त्यात मासेरातीचे ड्रम तापत गेले, आणि जी गोष्ट सेंडच्या कार्यशाळेत कागदावर मांडलेली होती ती सिसिलीच्या रस्त्यावर फेरीगणिक सिद्ध होत गेली. ब्रूक्सची सर्वांत वेगवान फेरी दोन मिनिटं आणि ०.२ सेकंदांची, म्हणजे ताशी सुमारे १६५ किलोमीटर, दोन्ही बाजूंना दगड असताना.

शेवटच्या रेषेवर तो मुस्सोच्या जवळजवळ पन्नास सेकंद पुढे होता. सरासरी वेग ताशी १५९ किलोमीटर. विल्लोरेसी तिसरा. फॉर्म्युला वनच्या मोटारीत पहिल्यांदाच बसलेल्या एका विद्यार्थ्याने, कारखान्याच्या पूर्ण संघाला, त्यांच्याच देशात, त्यांच्या ओळखीच्या रस्त्यावर हरवलं होतं. ब्रूक्सने मात्र या विजयाचा फार गाजावाजा केला नाही. त्याला परीक्षेला परतायचं होतं. ती परीक्षा तो पुढे पास झाला, आणि दंतवैद्यकाची पदवी त्याला मिळाली.

सर्किटच्या बाजूलाच, फ्लोरिदियाच्या रस्त्यावर, राष्ट्रकुलाची युद्ध-दफनभूमी आहे. जुलै १९४३ मध्ये दोस्तांचं सैन्य सिसिलीवर उतरलं, आणि पहिल्याच दिवशी ब्रिटिशांनी सिरॅक्यूज घेतलं. त्या लढाईत गेलेल्यांच्या हजाराहून अधिक कबरी इथे ओळीने आहेत. अनेक जणांचं वय एकोणीस, वीस, बावीस. शर्यतीच्या दिवशी त्या दगडांवरून इंजिनांचा आवाज गेला असेल. बारा वर्षांपूर्वी जे देश इथे समोरासमोर होते, त्यांचीच माणसं आता ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या नियमांनी एकमेकांशी झुंजत होती, आणि हजारो सिसिलियन लोक भिंतींवर बसून ते पाहत होते. लोकांचा हा जमाव आणि क्लबचं आमंत्रण मला अजिबात किरकोळ वाटत नाही.

दार

ब्रूक्स पुढे व्हॅनवॉल संघात गेला. जुलै १९५७ मध्ये एन्ट्रीला अजिंक्यपद मालिकेतली शर्यत ब्रिटिश मोटारीने पहिल्यांदा जिंकली ती त्याने आणि मॉसने मिळून. ल मान्सला त्याला स्वतःला झालेल्या अपघातातल्या जखमा अजून भरल्या नव्हत्या म्हणून त्याने मोटार मध्येच मॉसच्या हाती दिली होती. अधिकृत पुस्तकांत ब्रिटिश मोटारींचा पहिला विजय म्हणून हाच दिवस छापला जातो. १९५८ मध्ये ब्रूक्सने बेल्जियम, जर्मनी आणि इटलीच्या ग्रां प्री जिंकल्या, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच दिला गेलेला संघांचा करंडक व्हॅनवॉलला मिळाला. १९५९ मध्ये फेरारीत गेल्यावर तो अजिंक्यपदाच्या दारात होता. शेवटच्या शर्यतीत, अमेरिकेत सेब्रिंगला, पहिल्याच फेरीत संघातल्याच सहकाऱ्याची मोटार त्याच्या मोटारीवर आदळली. मोडलेली मोटार तशीच हाकायची नाही हे त्याने स्वतःच्या अपघातांनंतर ठरवलं होतं. म्हणून तपासणीसाठी तो पिटमध्ये शिरला, आणि अजिंक्यपद हुकलं. १९६१ नंतर तो थांबला, वेब्रिजला मोटारींचा व्यवसाय केला, आणि मे २०२२ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेला. नोंदवहीत त्याच्या नावावर सहा विजय आहेत. सिरॅक्यूज त्यात धरलेलं नाही.

कनॉटला सिरॅक्यूजने नाव दिलं, पैसा दिला नाही. १९५६ मध्ये माँत्साला रॉन फ्लॉकहार्ट तिसरा आला, अजिंक्यपदाच्या शर्यतीतलं त्यांचं ते सर्वांत मोठं यश. पण मॅकअल्पाइनचा हात आखडला आणि मे १९५७ मध्ये कार्यशाळा बंद झाली.

सिरॅक्यूजच्या रस्त्यावर मात्र अनोळखी माणसासाठी दार उघडं राहिलं. एप्रिल १९६१ मध्ये जांकार्लो बागेत्ती नावाचा मिलानचा मुलगा फॉर्म्युला वनमधल्या पहिल्याच शर्यतीत इथे फेरारी घेऊन उतरला, आणि पोर्शवाल्या डॅन गर्नीला मागे ठेवून जिंकला. नंतर नेपल्सला जिंकला. मग जुलैमध्ये रांस इथे फ्रेंच ग्रां प्री, त्याची अजिंक्यपद मालिकेतली पहिली शर्यत, तीही जिंकला. शेवटच्या क्षणी गर्नीलाच ओलांडून. फेरारीने या मुलाला मालिकेत उतरवायचं धाडस केलं ते आधी मालिकेबाहेर पारखून. १९६७ च्या सिरॅक्यूजला फेरारीचे माइक पार्क्स आणि लुदोव्हिको स्कार्फिओत्ती शेजारी-शेजारी एकाच क्षणी रेषा ओलांडून गेले, आणि दोघांनाही विजेते ठरवलं गेलं. फॉर्म्युला वनची शर्यत तिथे त्यानंतर झाली नाही.

बाकीच्या गावांतल्या शर्यतीही हळूहळू संपल्या. कनॉटच्या मोटारी १९५७ मध्ये लिलावात निघाल्या तेव्हा त्यातल्या दोन विकत घेणारा तरुण मोटारविक्रेता म्हणजे बर्नी एक्लस्टन. पुढच्या वर्षी मोनॅकोला त्यातली एक घेऊन पात्र ठरायचा प्रयत्न त्याने स्वतःही केला. सत्तरच्या दशकात हाच एक्लस्टन सगळ्या संघांच्या वतीने आयोजकांशी एकगठ्ठा बोलणी करू लागला. गावोगावच्या क्लबांनी एकेका संघाशी घासाघीस करण्याची पद्धत गेली. ठरलेल्या शर्यती, ठरलेल्या मोटारी, एकच किंमत. संघांना त्यातून स्थैर्य आलं, मेकॅनिकांचे पगार नियमित झाले, पुढे सर्किटही सुरक्षित होत गेली. दगडी भिंतींमध्ये पुन्हा कुणी शर्यत लावावी असं मी म्हणणार नाही. पण मालिकेच्या वाढत्या वेळापत्रकात मालिकेबाहेरच्या शर्यतीला जागाच उरली नाही. शेवटची झाली ती एप्रिल १९८३ मध्ये इंग्लंडच्या ब्रँड्स हॅचला. केके रॉसबर्ग जिंकला.

आता फॉर्म्युला वनमध्ये उतरायला परवाना लागतो. त्यासाठी खालच्या मालिकांतून तीन वर्षांत चाळीस गुण जमवावे लागतात, आणि फॉर्म्युला वनच्या मोटारीतून तीनशे किलोमीटर आधी चालवलेले असावे लागतात. ब्रूक्स सिरॅक्यूजच्या विमानात बसला तेव्हा त्याच्याजवळ दंतवैद्यकाची पुस्तकं होती, आणि मोटारी अजून रस्त्यात होत्या.